ओरिगामीचा कागद: दिवाळी ते गणपती, मुंबईच्या हवेत वापरून पाहिल्यावर

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ओरिगामी नीट शिकायला घेतलं आणि यंदा आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या गणपतीचं मखर बरंचसं घडीच्या कागदाचं झालं. मधल्या महिन्यांत घरात जे जे कागद आले, त्यांचा हा अनुभव. ‘ओरिगामीला कोणता कागद घेऊ?’ असं विचारलं की बहुतेक जण तयार पाकिटाची लिंक पाठवून मोकळे होतात. मुंबईकराला तेवढ्यावर भागत नाही. इथे कागदाची खरी परीक्षा जूनमध्ये सुरू होते, आणि जानेवारीत छान वाटलेले अर्धे कागद त्यात नापास होतात.

तरी सुरुवात तयार पाकिटापासूनच करते. १५ सेंटिमीटरचा चौकोन, एक बाजू रंगीत, दुसरी पांढरी, वजन साधारण ६० ते ७० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). जपानी पद्धतीचा हा नेहमीचा कागद, याला कामी म्हणतात. शिकताना तो सोयीचा आहे यात वाद नाही. चौकोन कापत बसावं लागत नाही, आणि आकृतीत रंगीत-पांढरी बाजू जशी दाखवलेली असते तशीच ती हातात दिसते. कागद उलटा धरलाय हे तिसऱ्या पायरीलाच कळतं, तेराव्या पायरीपर्यंत थांबावं लागत नाही.

माझं पहिलं पाकीट ऑनलाइन मागवलेलं, स्वस्तातलं. रंग झकास, पण चौकोन चौकोन नव्हता. कर्णावर घडी घातली की कडेला बारीक पांढरी किनार उरायची, जेमतेम मिलिमीटरभर. होडीला, टोपीला एवढं चालून जातं. करकोच्यात मात्र तोच मिलिमीटर प्रत्येक घडीबरोबर पुढे सरकतो आणि शेवटी चोच दुभंगलेली निघते. विक्रेत्याने ‘पाकीट उघडलेलं आहे’ म्हणून परत घेतलं नाही. पुढे भाचीने जपानी बनावटीचं एक पाकीट आणून दिलं, ते तंतोतंत निघालं. पण तसल्या कागदावर शिकायला बसलं की हात आखडतो, दर घडीला पैसे दिसायला लागतात.

पाकीट आलं की आधी एक कागद तपासा. कर्णावर दुमडा, कडा एकमेकींवर बसतायत का बघा. एवढ्यावर विसंबू मात्र नका, कारण शंकरपाळ्यासारखा तिरका कापलेला कागदही कर्णावर बरोबर दुमडतो. म्हणून दुसरी घडी मधोमध, उभी घालून बघायची. दोन्ही वेळा कडा जुळल्या तर चौकोन खरा.

ज्यांनी अजून काहीच केलेलं नाही त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. आकृतीतली तुटक रेघ म्हणजे दरी-घडी, कागद आपल्याकडे दुमडायचा. रेघ-टिंब-रेघ म्हणजे डोंगर-घडी, मागे दुमडायचा. खुणांची ही पद्धत जपानी ओरिगामीकार अकिरा योशिझावा (१९११–२००५) यांनी बसवली, अमेरिकन ओरिगामीकार सॅम्युअल रँडलेट यांनी तिला पक्कं रूप दिलं, आणि आता जगभर तीच चालते. त्यामुळे जपानी लिपीचं एक अक्षर न वाचता जपानी पुस्तकातलं काहीही करता येतं. चौकोनी पाया (पाया म्हणजे जिच्यापासून पुढे अनेक वस्तू होतात ती सुरुवातीची घडी), त्यातून पक्ष्याचा पाया, त्यातून करकोचा, हा रस्ता हाताला बसेपर्यंत दुसरीकडे वळू नये. आणि गणिताची आवड असलेल्यांसाठी एक गंमत: चौकोनी पाया उलगडून मधल्या बिंदूशी बघा, चार घड्या डोंगर आणि दोन दरी दिसतील. सपाट बसणाऱ्या कुठल्याही घडीकामात, कागदाच्या आत जिथे घड्या मिळतात अशा एका बिंदूभोवती डोंगर आणि दरी यांच्यात फरक दोनचाच असतो. हा जपानी ओरिगामीकार जून माएकावा यांचा नियम. कागद सपाट बसायला तयार नसेल तर मी आता नुसत्या घड्या मोजते, घोळ सापडतो.

आता माझा लाडका कागद: शाळेच्या वह्यांना घालतो तो खाकी ब्राऊन पेपर. याच्या लाकडी लगद्याचे (क्राफ्ट पल्पचे) तंतू लांब आणि चिवट असतात, त्यामुळे एकच घडी आत-बाहेर, आत-बाहेर अशी उलटवली तरी हा फाटत नाही. करकोच्याची मान वर काढताना ती बगलेतून आतून उलटी करावी लागते. तिथे एका टिंबाएवढ्या जागेत चार-सहा घड्या येऊन मिळतात, आणि साध्या कागदाला नेमकं तिथेच भोक पडतं. ब्राऊन पेपर तिथे नुसता मऊ होतो. एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरखरीत असल्यामुळे रंग एकच असला तरी पोतात फरक दिसतो. बैल आणि कासव यांना तर याच्याइतका शोभणारा कागद मला मिळालेला नाही. रोल घेतला तर मोठे, दोन-अडीच फुटी चौकोनही कापता येतात. फक्त वरून प्लास्टिकचा पातळ थर दिलेला ‘वॉटरप्रूफ’ ब्राऊन पेपर घेऊ नका. त्यावर घातलेली घडी तुम्ही चहा ठेवून येईपर्यंत उघडलेली असते.

दुकानात कागद कसा पारखायचा, यावर जरा जास्त लिहिते, कारण सगळं यातच आहे. मशीनवर कागद बनतो तेव्हा त्यातले तंतू बहुतांशी एकाच दिशेने पडतात, याला छापखान्यातले लोक ग्रेन म्हणतात. कागद हातात धरून एकदा उभा आणि एकदा आडवा हलकेच वाकवा. ज्या बाजूला तो कमी विरोध करत वाकतो, त्या वाकाच्या रेषेत ग्रेन आहे. कोपरा फाडून बघितलात तर ग्रेनच्या दिशेने फाट सरळ जाते, आडवी जायला लागली की वेडीवाकडी होते. ग्रेनला समांतर घडी स्वच्छ पडते. आडवी घडी जाड कागदावर तडकते. मग कोपरा दुमडून नखाने दाबायचा आणि सोडायचा. पटकन उघडला तर तो कागद घडी धरत नाही. परत दाबून उलट दिशेने दुमडायचा. रेषेवर पांढरं दिसलं तर रंग किंवा लेप वरवरचा आहे.

कागदाची घाऊक दुकानं आहेत त्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर मी पहिल्यांदा हे करायला लागले तेव्हा शेठ गल्ल्यावरून ओरडले, “मोडके देखो, लेकिन फिर लेना पडेगा!” तिसऱ्या खेपेला स्वतःच नमुन्याचे तुकडे काढून देऊ लागले.

जाडीचा अंदाज घरीच घेता येतो. ८० जीएसएमच्या पाचशे कागदांच्या रिमची उंची साधारण पाच सेंटिमीटर, म्हणजे एक कागद ०.१ मिलिमीटर. पाच वेळा अर्धा केला की बत्तीस थर, म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर. लहान चौकोनातून नाजूक काही करायचं असेल तर हा कागद का अडतो, ते यातच आलं. करकोचा ८० जीएसएममध्ये करायचाच असेल तर चौकोन मोठा घ्या. ए-फोरचा २१ सेंटिमीटरचा चौकोन कापला की बाजूला ८.७ सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरते. तिच्यातून ८.७ सेंटिमीटर बाजूचे दोन छोटे चौकोन निघतात, ते फेकू नका, पुढे लागतील.

मग आला पाऊस. कागदाचे तंतू हवेतलं पाणी पितात आणि फुगतात, लांबीला फारच थोडे, जाडीला भरपूर. त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेने वाढतो आणि उन्हाळ्यात काटेकोर कापलेला चौकोन जुलैत सूक्ष्म आयत होतो. मोठ्या मापाच्या कागदावर हे डोळ्यांना दिसतं. शिवाय घडीतला कडकपणा जातो, टोकं लोंबतात, पंख खाली येतात. माझा उपाय साधा आहे. पावसाळ्यात चौकोन आधी कापून ठेवायचे नाहीत, त्याच दिवशी कापायचे. उरलेला कागद घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून निघणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. गुंडाळून ठेवलेल्या रोलला या दिवसांत कसर लवकर लागते, म्हणून जमेल तेवढा कागद सपाट ठेवते. लोकलमध्ये घडी घालायची सवय असेल तर जून ते सप्टेंबर ब्राऊन पेपर सोडून काही नेऊ नका. घामट बोटांनी बाकी सगळ्यांची वाट लागते.

त्यात सगळ्यात आधी वाट लागली घोटीव कागदाची. कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनी वापरलेला, एक बाजू चकचकीत, एक पांढरी. रचनेने तो कामीच्या सगळ्यात जवळचा, म्हणून मला फार आशा होती. थंडीत बरा वागला. मे महिन्यात लाल रंग बोटांना, तिथून कुर्त्याला लागला. घडीच्या रेषेवर लेप तडकून पांढऱ्या रेघा उमटतात त्या वेगळ्याच. लहान मुलांना एकदोन वस्तू करायला ठीक, ठेवायची वस्तू करायला नको.

मखराचं सांगते. राज्यात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली, तेव्हापासून आमच्याकडे कापड आणि पुठ्ठा यांवर चाललं होतं. यंदा सोनोबे पद्धतीचे गोळे करायचं ठरलं. एकसारखे तुकडे घडवून ते एकमेकांच्या खिशात खोचायचे, डिंक लागत नाही. सहा तुकड्यांचा घन, बाराचा टोकदार तारा, तीसचा मोठा गोळा. १५ सेंटिमीटरच्या चौकोनातून केलेल्या घनाची बाजू साधारण ५.३ सेंटिमीटर येते, त्यावरून किती मोठं मखर होईल याचा हिशेब आधीच बांधता आला. इथे मात्र ब्राऊन पेपर मागे पडला आणि झेरॉक्सचा रंगीत ८० जीएसएम जिंकला. हे गोळे टिकतात ते तुकड्यांमधल्या घर्षणावर. झेरॉक्स पेपरचा पृष्ठभाग किंचित खरखरीत, तुकडा खोचला की बसतो. भेटवस्तूंच्या चकचकीत कागदाचा गोळा सुंदर दिसला, आणि गणेश चतुर्थीच्या आदल्या रात्री तेवीसाव्या तुकड्याला सगळा हातात सुटला. ए-फोरमधून उरलेल्या छोट्या चौकोनांचे छोटे घन झाले, ते मुलांनी तोरणात ओवले. मुलांना सांगितलं होतं, “घडी पट्टीच्या कडेने दाबा रे, नखाने नको,” कारण घामट हातांचे डाग फिकट रंगावर उठतात. विसर्जनापर्यंत रंगीत झेरॉक्सचे गोळे जसेच्या तसे होते, पावसाळी हवेत वर लोंबत असूनही. समई मात्र लांब ठेवली, आत फक्त एलईडीची माळ.

पतंगाच्या कागदावर माझा जीव आहे. संक्रांतीच्या आधी हवे ते रंग मिळतात, पातळ इतका की फुलपाखरू केलं तर पंखातून उजेड येतो. एकटा तो घडी धरायला फारच लुळा. म्हणून दोन रंग एकमेकांना चिकटवायचे: एक काचेवर पसरायचा, पातळ खळ रुंद ब्रशने फिरवायची, वर दुसरा सोडायचा आणि वाळला की अलगद सोलायचा. दोन बाजूंना दोन रंगांचा, कुरकुरीत कागद मिळतो. पण पिठाची खळ पावसाळ्यात बुरसते आणि झुरळांना आमंत्रण देते. ओरिगामीवाले मेथिल सेल्युलोज वापरतात. ती पूड थंड पाण्यात विरघळते, वास नाही, किडीला खायला त्यात काही नाही. मला प्रिन्सेस स्ट्रीटवर केमिकलच्या दुकानात मिळाली. थोडीशीच मागितल्यावर दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो, पण देतात.

बाकीचे भराभर. वर्तमानपत्राचा कागद मोठ्या मापाच्या सरावाला उत्तम, टिकवायला निरुपयोगी, काही आठवड्यांत पिवळा पडतो. मासिकांचा गुळगुळीत कागद घडीवर तडकतो. चिकट चिठ्ठ्यांचे तीन इंची चौकोन सोनोबेला छान, ऑफिसमध्ये हाताशी असतात, कोणाच्या लक्षातही येत नाही. बटर पेपरवर घडी कडक बसते, पण प्रत्येक चुकलेली रेघ कायमची दिसते.

जाड कागद ओला करून घडवण्याची पद्धतही योशिझावा यांचीच. कागदात मुरवलेलं खळीसारखं द्रव्य ओलाव्याने मऊ पडतं, वाळताना आकार धरतं, आणि गोलाई देता येते. १६० जीएसएमच्या कॅन्सन मी-तांत या चित्रकलेच्या कागदावर हत्ती केला, फेब्रुवारीत. सकाळी घडवलेला दुपारपर्यंत टणक. ऑगस्टमध्ये तोच प्रकार केला तर पंख्याखाली रात्रभर ठेवूनही कान लटकलेले. हातकागदही या पद्धतीला वापरून पाहिला, चिंध्यांच्या आखूड तंतूंचा आणि जाडसर. दिसतो देखणा, पण तीक्ष्ण टोक काढायला गेलं की कड कापसासारखी विसविशीत होते. वाशी, म्हणजे कोझो नावाच्या झाडाच्या सालीचा जपानी हातकागद, २०१४ मध्ये युनेस्कोच्या वारशाच्या यादीत गेला. माझ्याकडे त्याचे मोजके तुकडे आहेत. पातळ असून फाटत नाही हे खरं, पण घडी सैल बसते, त्यामुळे नवशिक्याने त्यावर पैसे घालू नयेत असं मला वाटतं.

आज पहिल्यापासून सुरुवात करायची असती तर मी एक ब्राऊन पेपरचा रोल, रंगीत झेरॉक्सचं एक रिम, स्टीलची पट्टी आणि चांगला कटर एवढंच घेतलं असतं. मोठ्या संख्येने चौकोन हवे असतील तर जवळच्या छापखान्यात कटिंग मशीनवर कापून घ्या, गठ्ठ्यातले सगळे तंतोतंत येतात. आपला एक नमुना चौकोन तपासून सोबत न्या, तोंडी माप सांगू नका. अब्दुल रहमान स्ट्रीटला सीएसएमटीहून चालत जाता येतं. शनिवारी दुपारची गर्दी टाळा, रविवारी बहुतेक घाऊक दुकानं बंद असतात, आणि परतीच्या लोकलमध्ये रोल उभाच धरा, रॅकवर टाकलात तर वरून कोणाची तरी बॅग पडून मधोमध मोडतो.