कुत्र्याच्या पाठीवरची पडशी: शिलाई चांगली, पोटपट्टा कच्चा

नातीचं म्हणणं सरळ होतं. तिची सॅक तिने उचलायची, आजीची आजीने, मग बंड्यालाच सूट का? म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीतल्या आमच्या रानातल्या भटकंतीसाठी त्याच्या पाठीवर टाकायची ही दोन कप्प्यांची पडशी मागवली. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. याच घडणीच्या पडश्या वेगवेगळ्या नावांनी विकल्या जातात.

मी जन्मभर शिवणयंत्रावर बसलेली बाई. वस्तू हातात आली की आधी उलटी करून आतलं बघते. कापड जाड नायलॉनचं, आतून पाणी अडवणारा लेप दिलेला. जिथे ताण येतो, म्हणजे पट्टे जिथे कापडाला जोडलेत तिथे, मागेपुढे दाट शिलाई मारली आहे. तिथे नखाने उचकटून पाहिलं, एक टाका हलला नाही. पाठीवरची मूठ पिशवीला नाही तर खालच्या अंगपट्ट्याला शिवली आहे, हे मला फार आवडलं. एका खडकाळ चढावर बंड्या अडला, तेव्हा मी मूठ धरली, नातीने मागून ढुंगणाला टेकू दिला आणि गडी वर. मूठ नुसत्या पिशवीला शिवलेली असती तर पिशवी माझ्या हातात आणि कुत्रा खाली, असा प्रकार झाला असता.

कप्प्यांच्या आतल्या कडा मात्र तशाच उघड्या सोडल्यात. त्यांना पट्टी मारायला किती वेळ लागतो? दशा सुटतात, त्या चेनच्या रनरमध्ये अडकतात, आणि मग तहानलेला कुत्रा समोर उभा असताना आपण रनरशी झटापट करत बसतो. घरी मेणबत्तीने कडा हलक्याशा शेकल्या तर दशा थांबतात. नायलॉन आहे, वितळून बसतं. पण जपून, आणि हे मोठ्यांनीच करायचं.

आता वजन. जाहिरातीतला कुत्रा बघाल तर घर बदलायला निघाल्यासारखा लादलेला असतो. धडधाकट, सवयीच्या कुत्र्याने स्वतःच्या वजनाच्या चौथ्या हिश्शापर्यंत ओझं न्यावं असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं, पण उन्हाळ्यात आणि नवख्या कुत्र्याला मी दहा टक्क्यांवर जाऊ देणार नाही. बंड्या २२ किलोचा, म्हणजे मर्यादा २.२ किलो. रिकामी पडशीच ६०० ग्रॅम. उरले १.६ किलो. त्यात अर्धा-अर्धा लिटर पाणी दोन बाजूंना, म्हणजे एक किलो गेला, आणि राहिलेल्यात त्याचं कोरडं खाणं. संपलं! बाकीचे आठ खिसे निव्वळ खोगीरभरती. नातीने त्यात तिची पत्त्यांची पेटी सरकवायचा प्रयत्न केला, ती मी परत तिच्या सॅकमध्ये टाकली. तिच्या सॅकलाही असाच हिशेब लावला होता, फक्त दहा ते पंधरा टक्क्यांचा. तीस किलोच्या मुलीच्या पाठीवर साधारण तीन ते साडेचार किलो, त्याहून जास्त नाही.

दोन्ही बाजू समतोल ठेवणं हे खरं काम, आणि ते नातीकडे होतं. ती दोन कप्पे दोन हातांत धरून बराच वेळ डोळे मिटून उभी राहायची. पाणी एकाच बाजूचं संपवलं तर पडशी दुसरीकडे कलते आणि कुत्रा वाकडा चालायला लागतो, म्हणून एकदा डावीकडचं, एकदा उजवीकडचं. कडक बाटल्या नेऊ नका. अर्धी झालेली बाटली प्रत्येक पावलाला डुचमळते. हवा काढून चपटी करता येणारी पाण्याची पिशवी बरी.

बाहेरचा छोटा खिसा शीच्या पिशव्यांसाठी. रिकाम्या आणि भरलेल्या, दोन्ही. ‘ज्याची त्याने न्यावी,’ असा निवाडा नातीने केला.

मुख्य तक्रार पोटपट्ट्याची. छातीवरच्या पट्ट्याला मऊ गादी दिली आहे, पण पुढच्या पायांच्या मागून जाणारा पट्टा नुसता, धारदार कडांचा. पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच सैल बांधणी ठेवली होती, तरी संध्याकाळी तंबूत बॅटरी लावून गोचीड शोधताना नातीला काखेतले केस तुटलेले दिसले आणि खाली कातडी गुलाबी. ‘आजी, ह्याला लागलंय.’ दुसऱ्या दिवशी पडशी माझ्या पाठीवर. घरी आल्यावर जुन्या लोकरी स्वेटरच्या बाहीची नळी करून पट्ट्यावर चढवली आणि दोन्ही टोकं टाचली. तेव्हापासून त्रास नाही. पण ज्याला सुई धरता येत नाही त्याने काय करायचं?

दुसरी तक्रार, तळाला भोकं नाहीत. ओढा दिसल्यावर बंड्या पडशीसकट आत जाऊन बसला. त्याचा काय दोष? पाणी चेनमधून आत शिरलं आणि कप्पे टम्म फुगले. तो उठायला लागला तर उठवेना. लेप पाणी आत येऊ देत नाही म्हणतात, पण आत आलेलं बाहेरही जाऊ देत नाही. मी नंतर प्रत्येक कप्प्याला तळाशी दोन पितळी रिंगा ठोकल्या. खाणं मात्र घट्ट मिटणाऱ्या वेगळ्या पिशवीत होतं म्हणून वाचलं.

रंग काळा घेऊ नका. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ फक्त पावलांच्या गाद्यांना. बाकी सगळी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची, आणि त्यात आपण त्याच्या बरगड्या कापडाने झाकतो. आम्ही सकाळी लवकर निघत असू, ऊन चढलं की पडशी खाली, आणि प्रत्येक सावलीतल्या थांब्यावरही खाली. म्हणूनच झटकन सुटणारी बकलं महत्त्वाची. या पडशीत पिशव्या अंगपट्ट्यापासून वेगळ्या होतात, ही तिची सगळ्यात मोठी जमेची बाजू. धाप थांबत नसेल, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या किंवा पाय लटपटले तर चालणं तिथेच संपलं. अंगावर गार पाणी, वारा घालायचा आणि प्राण्यांचा डॉक्टर गाठायचा. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना उन्हाळ्यात ही पडशी घालूच नका. वाढीच्या वयातल्या पिल्लांनाही नाही, हाडं पक्की व्हायची असतात.

आणखी एक, आपण रुंद झालोय हे कुत्र्याला कळत नाही. बंड्या दोन झाडांमधून पूर्वीसारखाच घुसायचा आणि पायवाटेवर नातीच्या गुडघ्यांना धडका द्यायचा. घरात आधी रिकामी, मग थोडं वजन घालून फिरवलं होतं, तरीही. निमुळत्या वाटेवर त्याला पुढे ठेवा.

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा मुठीचा. माप घेताना कुत्र्याचं वजन नाही, पुढच्या पायांमागून छातीचा घेर मोजा, आणि पंचवीस मिलिमीटरचं एक जादा बकल जवळ ठेवा, पाकिटात ते येत नाही.