तीन फुटी रीफ टाकीवर ‘ब्लॅक बॉक्स’ एलईडी : एक उन्हाळा आणि एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

बाजारात ‘ब्लॅक बॉक्स’ या नावाने मिळणारा, खोक्यावर १६५ वॅट असे छापलेला आणि निळ्या व पांढऱ्या अशा दोन स्वतंत्र वाहिन्या असलेला एलईडी दिवा मी गेल्या हिवाळ्यापासून आमच्या बडोद्याच्या घरातील सागरी टाकीवर (प्रवाळ ठेवलेल्या अशा टाकीला रीफ टाकी म्हणतात) वापरत आहे. टाकी तीन फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर साधारण १९० लिटरची आहे. तिच्यात झोआ (छोट्या फुलांसारखे गुच्छ), मशरूम (ताटलीसारखे चपटे), एक लेदर (छत्रीसारखा वाढणारा) आणि दगडावर हिरव्या गालिच्यासारखे पसरणारे जीएसपी एवढेच प्रवाळ आहेत. इतक्या महिन्यांनंतर माझे मत असे झाले आहे की या दिव्यात ताकद गरजेपेक्षा बरीच जास्त आहे, प्रकाशाचा फैलाव मात्र अपुरा आहे, आणि घरगुती टाकीसाठी दिवा निवडताना आधी फैलाव पाहावा, ताकद नंतर.

दिवा कोणता घ्यावा हे टाकीत कोणते प्रवाळ राहणार यावर ठरते. चुन्याचा टणक सांगाडा बांधणारे सर्व प्रवाळ २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे ते पाळण्याचा विचार मी केला नाही आणि कोणी करूही नये असे मला मनापासून वाटते. उरलेल्या मऊ प्रवाळांना प्रखर प्रकाश लागतच नाही. आपल्या गुजरातेतच, जामनगरजवळच्या नराऱ्याला ओहोटीच्या वेळी पाण्यातून चालत गेले म्हणजे कच्छच्या आखाताचे पाणी किती गढूळ आहे हे दिसते, आणि तरीही त्या पाण्यात प्रवाळ पिढ्यान् पिढ्या टिकून आहेत. १९८२ साली तेथे सागरी राष्ट्रीय उद्यान घोषित झाले ते त्यांच्यामुळेही. तेथून काहीही उचलायचे नसते, पण मंद प्रकाशातही प्रवाळ जगतात हे तेथे डोळ्यांनी पाहता येते.

प्रवाळाच्या शरीरात राहणारी झूझँथेली ही सूक्ष्म शैवाले प्रकाशसंश्लेषण करून त्याला अन्न पुरवतात. त्यांना उपयोगी पडणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातला असतो आणि त्याच्या मापाला ‘पार’ म्हणतात, ते पार मीटरने, मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद या एककात मोजतात. मोबाइलमधले लक्स मोजणारे ॲप येथे उपयोगाचे नाही, कारण लक्स हे माप माणसाच्या डोळ्याप्रमाणे बेतलेले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट प्रकाशाला सर्वांत संवेदनशील असतो, तर रीफच्या दिव्याचा बहुतेक प्रकाश ४५० च्या आसपासचा निळा असतो. डोळ्याला अंधुक वाटणारी निळी टाकी प्रवाळाच्या दृष्टीने लख्ख असू शकते. मऊ प्रवाळांना ५० ते १५० पार पुरतात. भर दुपारच्या उघड्या उन्हाचा पार २००० च्या घरात जातो, यावरून ही गरज किती माफक आहे ते कळेल.

मी ओळखीच्या एका जुन्या शौकिनाकडून अपोजी कंपनीचा पाण्यात बुडवता येणारा पार मीटर आणला आणि टाकीचा कोपरा न् कोपरा मोजला. दिवा पाण्यापासून एक फूट उंचीवर, निळी वाहिनी ३५ टक्के आणि पांढरी १० टक्के असताना मधल्या दगडाच्या माथ्यावर १७० आणि त्याच्या बरोबर खाली वाळूवर ९५ पार मिळाला, पण दोन्ही टोकांच्या कोपऱ्यांत आकडा जेमतेम २२ होता. एकाच टाकीत जवळजवळ आठपटीचा फरक होता. या दिव्याची पेटी सव्वा फुटाच्या आसपास लांब आहे आणि प्रत्येक एलईडीवर ९० अंशांचे भिंग आहे, त्यामुळे प्रकाश झोतासारखा खाली उतरतो आणि तीन फुटांच्या टोकांपर्यंत पोहोचत नाही. मग दिवा दीड फूट उंचीवर टांगून निळी वाहिनी ५५ टक्क्यांवर नेली, तेव्हा माथ्यावर १२५, वाळूवर ८५ आणि कोपऱ्यांत ३८ असे आकडे आले. प्रवाळांच्या दृष्टीने ही मांडणी पहिलीपेक्षा कितीतरी चांगली आहे. मात्र दिवा वर गेल्याने काही प्रकाश दिवाणखान्यात सांडतो आणि समोर बसणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो, हे घरच्यांना खटकते आणि त्यात तथ्य आहे.

सावलीचा प्रश्न मात्र दिवा उंच करूनही सुटत नाही. लेदर मोठा होऊन त्याची छत्री वाढू लागली, तशी तिच्याखालच्या झोआंवर कडेला कापल्यासारखी रेखीव सावली पडू लागली. सावलीतल्या झोआंचे देठ लांबले, ते उजेडाकडे माना वळवू लागले, आणि उजेडात असलेला त्यांचाच भाऊबंद गुच्छ मात्र दगडाला चिकटून बुटका राहिला. प्रकाश एका ठिकाणाहून आला की असे होणारच. पूर्वीच्या टी-५ नळ्या (बारीक ट्यूबलाइट) टाकीच्या पूर्ण लांबीवर असत, म्हणून त्यांचा उजेड सारखा पडे. पण त्या नळ्यांचा प्रकाश कालांतराने घटतो आणि वर्षाकाठी त्या बदलाव्या लागतात, शिवाय त्या आता सहज मिळतही नाहीत, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

नव्या दिव्याखाली प्रवाळ सवयीने रुळू द्यावे लागतात. अतिप्रकाशात झूझँथेलींमध्ये घातक ऑक्सिजन-संयुगे तयार होतात, प्रवाळ त्या शैवालांना बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी तापलेले असेल तर हे आणखी लवकर घडते. मी निळी वाहिनी २० टक्क्यांवर ठेवून सुरुवात केली आणि दर आठवड्याला पाच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवले नाही. मशरूम आकसून फिकट दिसू लागले की उजेड जास्त होतो आहे असे समजावे आणि त्यांना टोकाच्या कोपऱ्याकडे सरकवावे. माझे सर्व मशरूम आता त्या ३८ पारच्या कोपऱ्यांत ताटलीएवढे पसरले आहेत. लेदर मधूनच मिटतो आणि अंगावरची मेणचट साय टाकतो, तिचा दिव्याशी संबंध असतोच असे नाही. चार-सहा दिवस थांबावे, उगीच टक्के फिरवू नयेत.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. पांढऱ्या वाहिनीत पेरलेल्या थोड्या लाल आणि हिरव्या एलईडींमुळे वाळूवर रंगीत ठिपके नाचतात, ते मला आवडत नाहीत. समुद्रात लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषला जातो, त्यामुळे ती वाहिनी मी १० टक्क्यांवरच ठेवली आहे. निळ्या उजेडात झोआंची नारिंगी आणि पोपटी कडी पेटल्यासारखी उजळतात. संध्याकाळच्या शेवटच्या तासात पांढरी वाहिनी बंद असते, तेव्हा मी हातातले काम ठेवून टाकीसमोर बसतो.

बडोद्याच्या हवेत दिव्याची खरी कसोटी मे महिन्यात लागते. बाहेर पारा ४० च्या पुढे असताना पाणी २७ अंशांपर्यंत राखणे अवघड असते. या एलईडीची उष्णता वरच्या पत्र्यातून पंख्यांनी बाहेर फेकली जाते, त्यामुळे पाण्याला तिची झळ फारशी लागत नाही. तरीही मी उन्हाळ्यात दिव्याची वेळ हळूहळू पुढे नेऊन संध्याकाळी पाच ते रात्री दोन अशी केली, म्हणजे दिवसाची उष्णता आणि दिव्याची उष्णता एकत्र येत नाही. पृष्ठभागावर वारा घालणारा पंखाही लावला, म्हणजे पाणी लवकर उडते आणि टाकी गार होते. एक लिटर पाणी उडून जाताना साधारण २४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते, आणि एवढ्या टाकीचे पाणी एक अंशाने उतरवायला सुमारे ८०० किलोज्यूल काढून घ्यावे लागतात. उडालेल्या पाण्याच्या जागी आरओचे गोडे पाणीच घालायचे, कारण मीठ मागेच राहते. पावसाळ्यात दमट हवेमुळे हा उपाय लंगडा पडतो, तेव्हा खोलीतला एसी चालवावा लागतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट लक्षात आली. बुडबुड्यांतून उडणारे खारे तुषार भिंगांवर बसून त्यांचा पांढरट थर होतो. काही आठवडे न पुसता मोजले तर वाळूवरचा ८५ चा आकडा ७० वर आला होता. आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने, दिवा बंद करून थंड झाल्यावर पुसले की तो पूर्ववत होतो.

विजेचे म्हणाल तर दोन्ही वाहिन्या पूर्ण उघडल्या तरी प्लगचा मीटर ११२ वॅट दाखवतो, त्यामुळे १६५ हा आकडा नावापुरताच समजावा. माझ्या मांडणीत ६० वॅट लागतात, म्हणजे रोज नऊ तासांचे महिन्याला १६ युनिट होतात. दिव्यात स्वतःचा टायमर नाही. दोन वाहिन्यांना दोन वायरी आहेत, त्यांना वेगवेगळे टायमर लावावेत. फिरत्या तबकडीचा स्वस्त टायमर वीज गेली की थांबतो आणि तेवढा मागे पडतो, म्हणून आतली बॅटरी असलेला डिजिटल टायमरच घ्यावा. एका पंख्याची घरघर पाचव्या-सहाव्या महिन्यात सुरू झाली. विक्रेत्याने हात वर केले, पण आत संगणकातला साधा १२ व्होल्टचा पंखा असल्यामुळे तो दुरुस्तीवाल्याकडून सहज बदलून मिळाला.

दोन फुटी टाकीत मऊ प्रवाळ ठेवायचे असतील, तर असा एक दिवा मी निःसंकोच सुचवीन. तीन फुटांसाठी एक जोरात चालवण्यापेक्षा दोन मंद चालवावेत. वीज जवळपास तेवढीच लागते, सावल्या विरळ होतात आणि पंख्यांवरही ताण येत नाही. दिवाळीनंतर मी दुसरा घेणार आहे, तो १२० अंशांच्या भिंगांचा, आणि दोन्ही दिवे टाकीच्या टोकांपासून नऊ-नऊ इंचांवर टांगून पुन्हा सगळे कोपरे मोजणार आहे.