सेल्युसिड सैन्य उभं करायचंय: १५ मिमी धातू की २८ मिमी प्लास्टिक?

टेबलावरच्या युद्धखेळासाठी छोट्या सैनिकांचं हेलेनिस्टिक, म्हणजे अलेक्झांडरनंतरच्या ग्रीक राज्यांचं, सैन्य जमवायचं ठरलं की पहिला वाद राज्याचा होतो: इजिप्तचे टॉलेमी, मॅसेडोनियाचे अँटिगोनिड की पश्चिम आशियातले सेल्युसिड? माझ्यापुरता तो लवकर मिटला. चंद्रगुप्त मौर्याकडून ५०० हत्ती घेऊन पश्चिमेला परतलेला सेल्युकस आणि त्याच्या वंशातला तिसरा अँटिओकस यांच्या सैन्यात काय नाही! फॅलँक्स, म्हणजे लांब भालेवाल्यांची दाट फळी आहे, हत्ती आहेत, माणसासकट घोडाही चिलखतात असलेले स्वार आहेत, आशिया मायनरमधले केल्ट म्हणजे गॅलेशियन आहेत, रोमनांविरुद्धच्या मॅग्नेशियाच्या लढाईत तर उंटावरचे अरब धनुर्धारी आणि चाकांना पाती लावलेले रथही आहेत. ब्रश हातात धरणाऱ्याला एका सैन्यात इतकी विविधता दुसरीकडे मिळणं कठीण.

खरा प्रश्न त्यानंतरचा, आणि तो चुकला तर खिशाला जास्त लागतो: सैनिक कोणत्या मापाचे, म्हणजे साधारण किती उंचीचे घ्यायचे? मी १५ मिमी धातूचे आणि २८ मिमी प्लास्टिकचे, दोन्ही जोडले, रंगवले आणि टेबलावर खेळवले आहेत. आज माझं सेल्युसिड सैन्य १५ मिमीचं आहे. ते तसं का झालं हे सांगतो, पण २८ मिमीची बाजू खरोखरच भक्कम आहे आणि आधी तीच मांडायला हवी.

प्लास्टिकचा पहिला आनंद जोडणीचा. स्प्रूवर, म्हणजे भाग लागून येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर, डोकी, हात, ढाली सुट्या मिळतात. एकाच खोक्यातून कोणाला दाढी, कोणाला थ्रेसियन पद्धतीचं शिरस्त्राण, कोणाची मान वळलेली, असं करता येतं. प्लास्टिक सिमेंट दोन भागांना वितळवून एकजीव करतं, त्यामुळे सांधा नंतर सहसा दगा देत नाही. धातूला फेविक्विकसारखाच गोंद लागतो आणि तो सांधा आपटला की सुटतो. रंगवायला बसल्यावर २८ मिमीच्या चेहऱ्यावर डोळे, गालाचं हाड, कपाळावरची आठी दाखवता येते. ढालींसाठी छापील ट्रान्सफर, म्हणजे चिकटवायची चित्रं मिळतात. ते नीट बसवले की मॅसेडोनियन तारा असा उठून दिसतो की हाताने काढलेला तितका सरळ येणं अवघड.

आणि हत्ती! इथे मी १५ मिमीचा पक्ष घेऊच शकत नाही. सेल्युसिडांचे हत्ती आपल्याकडचे, म्हणजे आशियाई. कान लहान, कपाळावर दोन उंचवटे, पाठ मधोमध उंचावलेली. वयात आलेल्या आशियाई हत्तीच्या सोंडेवर आणि कानाच्या कडांवर गुलाबी पडलेले ठिपके असतात. देवळातला किंवा मिरवणुकीतला हत्ती जवळून पाहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागत नाही. २८ मिमीत ते ठिपके पातळ गुलाबी रंगाने, ओल्या ब्रशच्या टोकाने टिपत जायला जागा असते. १५ मिमीत तेच कधी कधी नुसता डाग वाटतात. राफियाच्या लढाईत इ.स.पू. २१७ मध्ये अँटिओकसकडे १०२ आणि टॉलेमीकडे ७३ हत्ती होते, हे ग्रीक इतिहासकार पॉलिबियस लिहितो. त्यातला एक जरी २८ मिमीत मनापासून रंगवला तरी काही संध्याकाळी सार्थकी लागतात.

आता फॅलँक्सकडे येऊ, कारण सेल्युसिड सैन्य घेणाऱ्याला निम्मं आयुष्य तिथेच काढायचं असतं.

फॅलँक्स ही गर्दीची गोष्ट आहे. तिची मूळ तुकडी सिंटाग्मा, १६ ओळी आणि ओळीत १६ माणसं, एकूण २५६. मॅग्नेशियाला १६,००० जणांचा फॅलँक्स दहा भागांत उभा होता, ३२ ओळी खोल, आणि दोन भागांच्या मधल्या फटीत दोन-दोन हत्ती, असं वर्णन रोमन इतिहासकार लिव्ही करतो. हे टेबलावर शब्दशः आणणं कोणालाच शक्य नाही. पण १५ मिमीच्या ४० मिमी रुंद बेसवर, म्हणजे सैनिक चिकटवायच्या पट्टीवर, चार जण, असे आठ-दहा बेस दोन रांगांत लावले की भाल्यांचं रान उभं राहतं. तेवढ्याच पैशांत आणि तेवढ्याच वेळात २८ मिमीत जे उभं राहतं ते मला तरी एखाद्या राजाच्या अंगरक्षकांच्या पथकासारखं वाटतं. देखणं असतं, पण फॅलँक्स वाटत नाही. काहींना २४ जणांची तुकडीही पुरेशी भरलेली वाटते, त्यांचं मत मी समजू शकतो.

तरीही माझा निर्णय या दृश्यावर झाला नाही. तो झाला सारिसावर, म्हणजे त्या लांब भाल्यावर.

पॉलिबियसच्या हिशेबाने सारिसा १४ हात लांब. त्यातले चार हात पकडीत आणि मागच्या तोलात जातात, १० हात सैनिकाच्या अंगापुढे येतात. म्हणूनच पहिल्या ओळीच्या पुढे पाच ओळींची टोकं दिसतात. हेच माप २८ मिमीला लावलं तर भाला साधारण १० सेंटिमीटरचा होतो आणि त्यातले सात-साडेसात सेंटिमीटर पुढे निघतात. बेसची खोली मात्र जेमतेम दोन सेंटिमीटर. १५ मिमीला भाला साडेपाच-सहा सेंटिमीटरचा, पुढे येतो चारच्या आसपास. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. तुकडी उचलून ठेवायला लागलं की तो प्रत्येक हालचालीत जाणवतो.

प्लास्टिकचा भाला सैनिकाच्या मुठीसकट एकाच तुकड्यात येतो. प्रमाण राखायचं तर तो काडीइतका बारीक हवा, आणि इतकं बारीक प्लास्टिक नेमकं मुठीच्या पुढे, जिथे जाड भाग संपून दांडा सुरू होतो, तिथे मोडतं. बाही लागली, मोडलं. फासे घरंगळत आले, मोडलं. समोरच्या खेळाडूने मदत म्हणून बेस पुढे सरकवला, तरी मोडलं. सिमेंटने जोडलेली जागा दुसऱ्यांदा अधिक लवकर जाते, कारण तिथे प्लास्टिक आधीच मऊ पडून वाकडं झालेलं असतं. शेवटी उपाय एकच उरतो. मुठीच्या दोन्ही बाजूंनी दांडा छाटायचा, पिन व्हाइसने, म्हणजे हाताने फिरवायच्या बारीक ड्रिलने, मुठीत आरपार भोक पाडायचं आणि तार घालायची. एका सैनिकापुरतं हे काम छान आहे. पण मुठीची भिंत पातळ, ड्रिल तिरकं गेलं की बोटंच निघून येतात, आणि अख्ख्या फॅलँक्ससाठी हे करताना रंगवण्याची हौस टेबलापर्यंत पोचत नाही. खराट्याचे हीर वापरूनही पाहिले. रंग चांगला धरतात, निमुळते असल्याने दिसतातही बरे, पण वाळले की तेही प्लास्टिकसारखेच कटकन तुटतात.

१५ मिमी धातूत बऱ्याच उत्पादकांचे भालाईत उघड्या मुठीचे मिळतात. बोटं अर्धी वळलेली, आत खाच. तार ठेवायची, बारीक पक्कडने बोटं अलगद मिटायची, गोंदाचा एक थेंब, झालं. तार मात्र पियानो वायरच हवी, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची. एरोमॉडेलिंगचं सामान विकणाऱ्यांकडे ती सरळ कांड्यांच्या रूपात मिळते. वेटोळ्यातली तार कधीच पूर्ण सरळ होत नाही. पितळी तार कापायला सोपी, पण एकदा वाकली की वाकलेलीच राहते. पियानो वायर दाबली तर लवते आणि सोडली की जागेवर येते. तिच्यासाठी साधं कटर वापरू नका, पात्याला खाचा पडतात. कापताना चष्मा घाला, तुटलेला तुकडा वेगाने उडतो. टोक कानशीने गोल करून घेतलं तर बोटांना टोचत नाही.

या एका कारणाने माझ्या १५ मिमीच्या तुकड्या खेळायला नेऊन परत येतात त्या जशाच्या तशा. ठेवण्याचंही तसंच. उभे भाले धरले तर २८ मिमीला चांगला उंच डबा लागतो, तर १५ मिमीचं सैन्य बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात बसतं. बेसखाली चुंबकाचा पातळ पत्रा चिकटवला की डबा हलला तरी सैनिक हलत नाहीत. स्वयंपाकघरातला स्टेनलेस स्टीलचा डबा यासाठी घ्यायचा तर आधी चुंबक लावून बघा, बऱ्याच डब्यांना तो चिकटत नाही.

कोणत्याही मापात एक पथ्य पाळा. मागच्या बेसवरचे भाले आडवे ठेवलेत तर ते पुढच्या बेसच्या शिरस्त्राणांना अडकतात आणि दोन बेस जवळ येतच नाहीत. पुढच्या बेसच्या पहिल्या ओळीचे भाले आडवे, दुसऱ्या ओळीचे तिरके, मागच्या बेसवर सगळे उभे. इतिहासालाही हे धरून आहे, मागच्या ओळी भाले वरच धरायच्या आणि वरून येणारे बाण त्यांनी अडायचे.

रंगकामात १५ मिमीला कमी लेखू नये. इथे बारकाव्यापेक्षा विरोध कामाला येतो. अंगरखा एका रंगात, त्यावर पातळ तपकिरी वॉश (खाचांत उतरणारा पाणचट रंग), मग खांद्यावर आणि घडीवर मूळ रंगापेक्षा दोन पायऱ्या उजळ एक रेघ. हातभर अंतरावरून ती रेघच सैनिक उभा करते. ढालीवरचा तारा बऱ्याच साच्यांत उठावदार असतो. पितळी रंग, काळपट वॉश, वाळल्यावर उंचवट्यांवर कोरडा ब्रश फिरवला की नक्षी आपोआप वर येते, ट्रान्सफरची गरज पडत नाही. रुपेरी ढालवाल्यांसाठी, राफियाला अशा निवडक सैनिकांची १०,००० जणांची तुकडी होती, मी वॉशमध्ये निळ्याचा किंचित अंश घालतो. त्यामुळे शेजारच्या पितळी ढालींपासून त्या लांबूनही वेगळ्या ओळखू येतात.

रंग कुठून घ्यायचे, तर थेट त्या काळाकडून. सिडॉनला १८८७ मध्ये सापडलेल्या आणि आता इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात असलेल्या अलेक्झांडर सार्कोफॅगसवर, म्हणजे दगडी शवपेटीवर, मूळ रंगांच्या खुणा आहेत. थेस्सलोनिकीजवळच्या आगिओस अथानासिओसच्या थडग्यावर तर ढालीसकट रंगवलेले मॅसेडोनियन सैनिकच आहेत. जांभळा, पिवळा, गर्द लाल, आकाशी हे सगळं त्यात सापडतं. सगळे अंगरखे एकाच लाल रंगात बुडवण्याआधी ही चित्रं जरूर पाहा.

आपल्याकडच्या पावसाळ्याचा विचार दोन्ही मापांना करावा लागतो. दमट हवेत स्प्रे प्रायमर दाणेदार बसतो किंवा पांढुरका पडतो, आणि बारीक कोरीव कामावर तो थर कायमचा राहतो. जून ते सप्टेंबर मी ब्रशने लावायचा प्रायमरच वापरतो. धातूवरचा रंग कडांना लवकर उडतो, म्हणून आधी चकचकीत वार्निश आणि वर मॅट, असे दोन हात द्यावेत. प्लास्टिकला एक हात पुरतो. वजनाचाही मुद्दा आहे. परदेशातून मागवताना धातूचं पार्सल जड होतं, हे प्लास्टिकच्या बाजूने धरायला हवं. पण एक गोष्ट त्याला उत्तर देते. डीबीएसारख्या, प्राचीन लढाया खेळायच्या नियमांत १२ बेसचं सैन्य पूर्ण होतं आणि १५ मिमीत ते सुमारे दोन फूट चौरसाच्या टेबलावर खेळता येतं. फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाचा एक कोपरा पुरतो.

एकाच परिस्थितीत मी माझ्या आवडीचा आग्रह सोडेन. तुमच्या ओळखीत जो नियमित खेळतो त्याच्याकडे आधीच २८ मिमीचे रोमन असतील तर तुम्हीही २८ मिमीच घ्या, समोर कोणी नसेल तर १५ मिमीचं सुंदर सैन्य डब्यातच राहील. फक्त घोडेस्वार, हलके पायदळ आणि हत्ती प्लास्टिकचे घ्या, आणि भालाईत तेवढे २८ मिमी धातूचे, उघड्या मुठीचे शोधा. त्यांना तार थोडी जाड, पाऊण मिलिमीटरची लागेल. पाच-सहा जणांची एक पुडी आधी मागवून तार नीट बसते का ते पाहा, मगच बाकीची ऑर्डर द्या.