टॉकिंग हेड्स : अल्बम क्रमाने ऐकत राहिल्यावर

आधीच सांगून टाकते: टॉकिंग हेड्स या न्यूयॉर्कच्या बँडची ओळख 'बेस्ट ऑफ'मधून, म्हणजे निवडक गाण्यांच्या संग्रहातून, करून घेऊ नका. सुटी गाणी ऐकली की विक्षिप्त गायकाचा एक बऱ्यापैकी पॉप बँड, एवढंच हाती लागतं. गेले काही महिने मी १९७७ ते १९८३ मधले त्यांचे पाच अल्बम क्रमाने ऐकतेय. लोकलमध्ये हेडफोनवर, सुट्टीच्या दिवशी घरी एलपीवर. मोबाइलच्या स्पीकरवर ऐकायचं असेल तर मात्र राहूच द्या. या बँडचा जीव बासमध्ये, म्हणजे खर्जातल्या गिटारमध्ये आहे आणि तिथे नेमका तोच गायब होतो.

बास वाजवणारी टीना वेमथ. ती, ड्रमर क्रिस फ्रँट्झ आणि गायक डेव्हिड बर्न हे तिघे ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनमधले. टीना या बँडसाठी म्हणून बास शिकली. १९७५ साली न्यूयॉर्कच्या सीबीजीबी क्लबात रमोन्स या पंक बँडच्या आधी वाजवून त्यांनी सुरुवात केली. गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा जेरी हॅरिसन नंतर आला, मॉडर्न लव्हर्स या बँडमधून. पहिला अल्बम 'टॉकिंग हेड्स: ७७' आज थोडा किरकोळ वाटतो. गिटार कोरडी, आवाज पातळ, बर्न सारखा घाबरलेला. 'सायको किलर' अजून टिकलंय, आणि त्याचं श्रेय निम्म्याहून जास्त त्या सुरुवातीच्या बासला.

१९७८ मध्ये ब्रायन इनो निर्माता म्हणून आला आणि सगळे बहामाजला, नासाऊच्या कंपास पॉइंट स्टुडिओत गेले. 'मोअर साँग्ज अबाउट बिल्डिंग्ज अँड फूड' हा तिथला अल्बम. सोल गायक अल ग्रीनचं 'टेक मी टु द रिव्हर' त्यांनी इतकं संथ केलं की पुढचा ठोका कधी पडतोय याची वाट बघत बसावं लागतं. बाकी अल्बम चांगला आहे, पण मी परत परत लावते असं नाही.

लावते तो 'फिअर ऑफ म्युझिक', १९७९ चा. जाणकार याच्या पुढच्या अल्बमला डोक्यावर घेतात, माझं मत मात्र इथेच अडकलंय. क्रिस आणि टीनाच्या लाँग आयलंड सिटीतल्या राहत्या घरी बरंचसं रेकॉर्डिंग झालं. खाली रस्त्यावर रेकॉर्डिंगची गाडी उभी आणि खिडकीतून वर ओढलेल्या केबल्स. गाण्यांची नावंसुद्धा बहुतेक एकाच शब्दाची: माइंड, पेपर, सिटीज, एअर, ड्रग्ज. बर्नला हवेचीही भीती वाटते, जनावरांचीही. पहिल्यांदा मला हे हास्यास्पद वाटलं होतं. आता गर्दीत उभी असताना 'सिटीज' सुरू झालं की तो माणूस अगदी ओळखीचा वाटतो. 'आय झिम्ब्रा'चे शब्द डाडाइस्ट (अर्थालाच धुडकावणाऱ्या कलाचळवळीतला) कवी ह्यूगो बॉलच्या निरर्थक कवितेवरून घेतलेत, त्यामुळे इंग्रजी गाण्यातले शब्द कळत नाहीत म्हणून कानकोंडं होणाऱ्यांनी खुशाल इथूनच सुरुवात करावी. न्यूयॉर्कवाल्यालाही तेवढंच कळतं! त्यातली गिटार किंग क्रिमसन बँडच्या रॉबर्ट फ्रिपची.

आता 'रिमेन इन लाइट', १९८०. यात कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) बदलत नाहीत म्हटलं तरी चालेल. फेला कुटीची नायजेरियन रेकॉर्ड्स ऐकून त्यांनी ठरवलं की एकच तुकडा घोळवत राहायचं, त्यावर थरावर थर चढवायचे आणि मिक्सिंगच्या वेळी कोणता थर चालू आणि कोणता बंद यावर गाणं घडवायचं. आज हे काम लॅपटॉपवर कोणीही करतं. तेव्हा माणसं खरोखर तासन्‌तास तेच वाजवत होती, आणि ते ऐकू येतं. लय पक्की आहे, पण घड्याळासारखी नाही.

'वन्स इन अ लाइफटाइम' लावा आणि टाळी धरून बघा. सम कुठेय? इनो इतरांच्या तिसऱ्या मात्रेला पहिली धरत होता. त्याला दुरुस्त करायच्याऐवजी दोन्ही हिशोब गाण्यात राहू दिले. मी कित्येक दिवस बासवर टाळी देत होते आणि गाणं पायाखालून सरकल्यासारखं का वाटतं ते उमगत नव्हतं. मग एकदा फक्त ड्रम धरला, दुसऱ्या वेळी फक्त बास, आणि एकाच गाण्याची दोन गाणी झाली. वरून बर्न रेडिओवरच्या धर्मोपदेशकांच्या थाटात बोलतो. पाहुणा गिटारवादक एड्रियन बेल्यूची गिटार 'द ग्रेट कर्व्ह'मध्ये अक्षरशः किंचाळते.

पण एलपीची दुसरी बाजू उतरत जाते, हे कोणी स्पष्ट सांगत नाही. शेवटचं 'दि ओव्हरलोड' मी सरळ टाळते. जॉय डिव्हिजन हा इंग्लिश बँड न ऐकताच, फक्त त्यांच्याबद्दल वाचून, त्यांच्यासारखं करायचा तो प्रयत्न होता असं सांगतात. तसंच वाटतं ते. याच अल्बमवरच्या श्रेयनामावलीवरून पुढे टीना-क्रिस आणि बर्न यांच्यात बरंच वाजलं. ऐकणाऱ्याच्या नजरेतून पाहिलं तर गाणी सगळ्यांनी मिळून घडवली ही टीना-क्रिसची बाजू पटते. ठेका काढून घेतला तर इथे उरतं काय?

१९८३ च्या 'स्पीकिंग इन टंग्ज'मध्ये इनो नाही, आणि सगळ्यांनी एकदम मोकळा श्वास घेतलाय. 'बर्निंग डाउन द हाउस' अमेरिकेत नवव्या क्रमांकापर्यंत गेलं, त्यांचं तिथल्या टॉप टेनमधलं एकमेव गाणं. 'मेकिंग फ्लिपी फ्लॉपी'मध्ये एल. शंकर यांचं डबल व्हायोलिन आहे. आपल्याकडचा माणूस म्हणून मी कान टवकारून शोधलं आणि सापडल्यावर उगाच खूश झाले. 'धिस मस्ट बी द प्लेस'मध्ये त्यांनी वाद्यं आपापसात बदलली. टीना गिटारवर, जेरी सिंथेसायझरच्या बासवर. म्हणून ते इतकं साधं आणि नवशिक्यासारखं गोड झालंय. याच दौऱ्यावर बेतलेला जोनाथन डेमीचा मैफलीचा चित्रपट 'स्टॉप मेकिंग सेन्स' मोठ्या पडद्यावर मिळाला तर सोडू नका. २०२३ मध्ये तो फोर-के करून पुन्हा आला.

पुढचे तीन अल्बम एकदा ऐकून ठेवा. 'लिटल क्रीचर्स'मधलं 'रोड टु नोव्हेअर' सोडलं तर माझ्या यादीत त्यातलं फारसं काही उरलं नाही.

एलपी घ्यायची झाली तर एकच घ्या, 'फिअर ऑफ म्युझिक'. जेरी हॅरिसनने केलेलं काळं कव्हर, त्यावर लोखंडी जिन्याच्या पत्र्यासारखी उठावाची नक्षी. माझी प्रत जुनी, सेकंडहँड. विकणाऱ्याने 'उत्तम स्थितीत' म्हणून कोपरा दुमडलेली पाठवली आणि वर फोनही उचलेना. तरी बोट फिरवलं की नक्षी लागते. स्ट्रीमिंगवर त्या जागी नुसता काळा चौकोन दिसतो. बाकीचे चार अल्बम स्ट्रीमिंगवर आरामात चालतील, फक्त शफल बंद ठेवा.