गोळी सोडवायचं औषध म्हणून आम्हाला अफू विकली

नागपुरात किंवा आजूबाजूला कोणाच्या घरी ऑपरेशननंतर दुखण्याच्या गोळ्यांची सवय लागली असेल तर हे पूर्ण वाचा, लांब आहे पण वाचा. आमचे पैसे गेले ते गेलेच, पण माझ्या मिस्टरांच्या शरीराचे जे हाल झाले ते दुसऱ्या कोणाचे होऊ नये म्हणून लिहून राहिली आहे.

मिस्टरांचा मानेवाडा रोडवर गाडीचा अपघात झाला, मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकला. दुखणं भयंकर होतं म्हणून डॉक्टरांनी ट्रामाडॉल लिहून दिली आणि तेव्हा ती गरजेचीच होती, मी त्या डॉक्टरांना दोष देत नाही. पण हाड जुळलं, वॉकर सुटला, तरी गोळी काही सुटेना. एक डोस चुकला की जांभयांवर जांभया, नाकाडोळ्यातून पाणी, अंगावर काटा, पोट बिघडलेलं, आणि रात्री पाय असे तळमळायचे की बिचारे पलंगावर पडूच शकत नव्हते, घरभर फिरत राहायचे. सासूबाई म्हणायच्या व्हायरल आहे. ते व्हायरल नव्हतं. ट्रामाडॉल कारखान्यात बनते पण काम अफूसारखंच करते, शरीराला तिची सवय झाली की एकदम बंद केल्यावर असंच होतं. 2018 पासून ती एनडीपीएस म्हणजे नशेच्या पदार्थांच्या कायद्याखाली आहे म्हणून मेडिकलवाले ताज्या चिठ्ठीशिवाय देत नाही, आणि ते बरोबरच आहे.

तर धंतोलीत एका मेडिकलच्या काउंटरवर आम्हाला गोळी नाही म्हणून परत पाठवलं, तेव्हा मागे उभा असलेला एक माणूस आमच्या मागे मागे बाहेर आला. "ताई, माझ्या भावाची पण हीच गोळी होती, एका वैद्यांनी सोडवली, आता एकदम टकाटक आहे." नंबर दिला, वरून म्हणे माझं नाव सांगा, पैसे कमी घेतील. आता मला पक्कं वाटते की तो तिथे गिऱ्हाईक शोधायलाच उभा राहत असेल, कारण कोणाचं दुखणं कुठे आहे हे अशा लोकांना बरोबर समजते.

वैद्य म्हणवणारा माणूस कामठी रोडकडे एका दुकानाच्या वरच्या खोलीत बसायचा. बाहेर बोर्ड नाही, भिंतीवर सर्टिफिकेट नाही. नाडी पाहिली, हाडाचा एक्सरे तर पाहिलाच नाही. मी विचारलं यात काय आहे, तर म्हणे जडीबुटी, नसांची ताकद वाढते, साइड इफेक्ट झीरो. साध्या प्लॅस्टिकच्या पुडीत काळपट गोळ्या, त्यावर नाव नाही, कंपनी नाही, तारीख नाही. पहिल्या पुडीचे 3,500, कॅश, बिल नाही.

आणि खरं सांगते, पहिल्याच गोळीने त्यांना तासाभरात आराम पडला. पाय शांत, पोट शांत, झोप लागली. किती रात्रींनंतर झोपले होते, मी देवापुढे दिवा लावला.

इथेच नीट लक्ष द्या, कारण सगळी फसवणूक या आरामातच आहे. गोळीची सवय तुटताना होणारा त्रास कमी करायला औषधं आहेत, पण साध्या जडीबुटीने तो तासाभरात असा पुसल्यासारखा जात नाही. तसा गेला तर त्याच जातीचं काहीतरी पोटात गेलं आहे असा संशय घ्यायचा. पुढे त्यांना सतत गुंगी राहायला लागली, संडासला साफ होईना, अंधारातही डोळ्यांच्या बाहुल्या बारीकच दिसायच्या. पुडीचा भाव 5,000 झाला, मग 8,000. "कोर्स अर्धवट सोडला तर उलटं पडेल, मग मला बोलू नका." आणि एकदा हा माणूस गावाला गेला, फोन बंद, तर दुसऱ्या दिवशी तेच सगळं, जांभया, घाम, उलट्या, आधीपेक्षा दुप्पट.

तेव्हा आम्ही सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार ओपीडीत गेलो. तिथल्या डॉक्टर मॅडमनी लघवी तपासायला सांगितली. मॉर्फिनची, म्हणजे अफूत असते त्या द्रव्याची, पट्टी पॉझिटिव्ह आली. त्यांनी समजावून सांगितलं की ट्रामाडॉल या पट्टीवर सहसा दिसत नाही, म्हणजे अफू त्या काळ्या गोळ्यांतूनच जात असणार. काही जुन्या आयुर्वेदिक औषधांत अफू खरंच असते, पण मग लेबलवर वैद्यकीय देखरेखीतच घ्या असा इशारा छापावा लागतो. आमच्या पुडीवर एक अक्षर नव्हतं. म्हणजे एक सवय सोडवायला पैसे दिले आणि त्याच पैशात तिच्याहून जड सवय घरी आणून दिली. माझ्या डोळ्यापुढे तो माणूस नाडी धरून हसत होता ते आलं आणि अंगाचा नुसता जाळ झाला.

पुढचा इलाज मॅडमनी केला. ब्यूप्रेनॉर्फिन म्हणून जिभेखाली ठेवायची गोळी असते, ती त्रास सुरू झाल्यावरच पहिली द्यायची असते, अंगात अफू असताना लवकर दिली तर त्रास एकदम भडकतो, म्हणून मॅडमनी ती सकाळी जांभया सुरू झाल्यावर स्वतःसमोर दिली. मग डोस हळूहळू कमी, मांडीसाठी फिजिओथेरपी सोबत. अजून रात्री कधी कधी झोप मोडते, पण सकाळी बागेपर्यंत चालत जातात आणि पेपर आणतात.

त्या खोलीला आता कुलूप आहे. उरलेल्या गोळ्या आणि सगळी हकिकत आम्ही अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी दिली आहे.

नागपुरात सरकारी मेडिकल कॉलेज, मेयो, एम्स या सगळ्या दवाखान्यांत मानसोपचार ओपीडी आहे, तिथे कोणी वेडा समजत नाही. घरून बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येते. व्यसनमुक्तीसाठी 14446 पण आहे. आणि ज्यांच्या घरी अशाच बिननावाच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी घाबरून त्या एका झटक्यात बंद करू नका, आणि पुडी फेकूनही देऊ नका, ती घेऊनच डॉक्टरकडे जा. मध्ये काही दिवस बंद राहिली असेल तर पुन्हा पहिल्याएवढा डोस चुकूनही घेऊ नका, शरीराची सहन करायची ताकद तेवढ्यात कमी झालेली असते आणि त्याने श्वास थांबू शकतो.