घरपोच ऑईल चेंज: पैसे घेतले, बोल्टला हातही लावला नाही

नाशिकमध्ये इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको या बाजूला राहणाऱ्यांनी हे जरा नीट वाचावं, कारण मला टोपी घालणारा माणूस याच भागात गिऱ्हाईकं शोधत फिरतो. घरी येऊन इंजिन ऑईल बदलून देणारे सगळेच चोर नसतात. चांगले कारागीरही आहेत, आणि सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर अर्धा दिवस बसण्यापेक्षा ते बरंच पडतं. पण या कामात फसवणं फार सोपं आहे. ऑईल इंजिनच्या पोटात, फिल्टर खालच्या अंगाला, आणि आपण मात्र वरून बॉनेटमध्ये डोकावत उभे.

माझी गाडी जुनी पेट्रोल वॅगन आर. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी जाहिरात टाकली होती: ओरिजिनल ऑईल, ओरिजिनल फिल्टर, मजुरीसकट २,००० रुपये. दुकानात नुसता डबा आणि फिल्टर घ्यायला गेलं तरी जवळपास तेवढेच जातात. मग मजुरी कुठून सुटते, हा प्रश्न जाहिरात वाचतानाच पडायला हवा, पण स्वस्त म्हटलं की आपण सगळेच जरा मऊ होतो.

माणूस रविवारी सकाळी स्कूटरवरून आला, सोबत एक पोरगा. बोलणं एकदम अदबीचं. डबा माझ्या हातात दिला, “काका, सील तुम्हीच तोडा.” फिल्टरचा खोका माझ्यासमोर उघडला, नवा फिल्टर हातात देऊन म्हणाला, “बघून घ्या, नंतर म्हणायला नको.” एवढा सचोटीचा माणूस पाहून मीच ओशाळलो. मग त्याने पुठ्ठा अंथरला, फडक्याने झाकलेला ट्रे गाडीखाली सरकवला आणि स्वतः आडवा झाला. पाच मिनिटांनी खालून आवाज आला, “काका, एखादं जुनं फडकं मिळेल का? आणि हात धुवायला थोडा साबण.”

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बायकोने जुनं बनियन शोधेपर्यंत आणि मी परत खाली उतरेपर्यंत खेळ संपलेला होता. ट्रेमध्ये काळंकुट्ट ऑईल, पोराच्या हातात गळणारा जुना फिल्टर. “काका, फोटो काढून ठेवा, पुरावा असलेला बरा.” मी काढला. मग वरून नरसाळं लावून ऑईल ओतलं, डिपस्टिक पुसून बुडवून दाखवली, पातळी वरच्या खुणेला बरोबर. रंग जरा काळसर वाटला, तसं बोललो, तर म्हणाला, आत थोडं जुनं राहतंच, त्यात मिसळतं. हे खरंही आहे, म्हणून पटलं. पैसे यूपीआयने दिले. स्क्रीनवर भलतंच नाव आलं. भावाचं खातं आहे म्हणाला. डबा, ट्रे, फिल्टर सगळं आवरून घेऊन गेला. कचरासुद्धा मागे ठेवला नाही, याचं मला तेव्हा कौतुक वाटलं होतं.

पुढे तीनेक हजार किलोमीटर गाडी चालली. थंडी सुरू झाली तशी सकाळच्या पहिल्या स्टार्टला इंजिनमधून टिकटिक यायला लागली, मिनिटभराने थांबायची. भाचा अंबडला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने आवाज ऐकला, डिपस्टिक ओढून दोन बोटांत ऑईल चोळलं आणि टॉर्च घेऊन गाडीखाली शिरला.

“मामा, हा बोल्ट कुणी खोलला म्हणता?”

मी वाकून पाहिलं. पावसाळ्यात दिंडोरीकडे नातेवाइकांच्या मळ्यावर गेलो होतो, तेव्हा गाडी पार पोटापर्यंत चिखलात रुतली होती. ती काळी माती ऑईल पॅनला (इंजिनच्या तळाचं ऑईलचं भांडं) आणि ड्रेन बोल्टला (जो खोलून जुनं ऑईल काढतात) मिळून एकच थर होऊन वाळली होती. भेग नाही, पान्याचा ओरखडा नाही. बोल्टवर रिंग पाना बसला असता तर पहिल्याच झटक्याला तो पापुद्रा खाली पडला असता. मळ्यावर गेलो जुलैमध्ये आणि हा माणूस आला ऑगस्टच्या शेवटी. म्हणजे ऑईल काढलंच नव्हतं. ट्रेमधलं काळं ऑईल तो घरून घेऊनच आला होता. माझ्या इंजिनात अर्धा-पाऊण लिटर कमी असेल तेवढी भर घातली, पातळी जुळली, आणि सील मी स्वतः तोडलेल्या चांगल्या ऑईलचा उरलेला डबा स्कूटरच्या डिकीत गेला.

फिल्टरची गंमत तर याहून वरची. बाहेरून नवाकोरा, काळा, चकचकीत. भाच्याने टॉर्च फिल्टरच्या कडेला, जिथे तो इंजिनला टेकतो तिथे धरला. इंजिनच्या ॲल्युमिनियमवर काळ्या रंगाचे बारीक शिंतोडे, अर्धगोल, फिल्टरच्या कडेने. स्प्रेचा डबा घेऊन जागच्या जागी रंगवलेला! नखाने खरवडला तर खाली गंज आणि मागच्या सर्व्हिसवाल्याने मार्करने टाकलेली तारीख. खोलला तेव्हा रबरी गॅस्केट चपटी होऊन कडक झालेली होती, आणि आतून निघालं ते ऑईल म्हणण्यापेक्षा पातळ डांबर होतं.

मग मी तो पुराव्याचा फोटो मोठा करून पाहिला. पोराच्या हातातला “जुना” फिल्टर शेजारच्या नव्या फिल्टरच्या खोक्यापेक्षा उंच दिसत होता. तो माझ्या गाडीचा नव्हताच. कुठल्यातरी मोठ्या गाडीचा फिल्टर घेऊन हे लोक दारोदार हिंडतात आणि प्रत्येकाला तो “तुमचा” म्हणून दाखवतात.

नुकसान २,००० रुपयांचं नाही. फिल्टर तुंबला की त्यातला बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं ऑईल तसंच इंजिनभर फिरत राहतं. तो व्हॉल्व्ह नसता तर इंजिन कोरडं पडलं असतं, म्हणून ती सोय केलेली असते. पण कचरा बेअरिंगपर्यंत जातोच. आणि डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या भरवशावर राहू नका. तो ऑईलचा दाब पडला की लागतो, ऑईल जुनं झालं म्हणून लागत नाही. एक गोष्ट मात्र उलट बाजूनेही सांगतो: ऑईल काळं दिसलं म्हणजे फसवलंच असं धरू नका. डिझेल गाडीत नवं ऑईल काजळीमुळे थोड्याच दिवसांत काळं होतं. पेट्रोल गाडीत बदलल्या दिवशीच काळं दिसत असेल तर विचारा.

भाच्याने त्याच दुपारी पार्किंगमध्ये ऑईल बदललं, मी हाताखाली होतो. इंजिन थोडं कोमट केलं, पुढची चाकं रॅम्पवर चढवली, हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना विटा लावल्या (नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली कधीच शिरू नका). बोल्टचा वॉशर नवा घातला. नव्या फिल्टरच्या रबराला बोटाने ऑईल लावलं, रबर टेकेपर्यंत हाताने फिरवला आणि मग पाऊण फेरा, बस्स. पान्याने आवळला तर पुढच्या वेळी निघत नाही. माझ्या गाडीला फिल्टरसह तीन लिटरच्या आसपास लागतं. नेमका आकडा आणि ग्रेड गाडीच्या पुस्तकात असतो, तोच धरा. निघालेलं ऑईल आम्ही रिकाम्या कॅनमध्ये भरून गॅरेजवाल्याकडे दिलं. गटारात ओतू नका, ते शेवटी नासर्डीत नाहीतर गोदावरीत जातं.

स्वतः करायचं नसेल तर करू नका, पण कुणालाही बोलावण्याआधी गाडीखाली टॉर्च मारून ड्रेन बोल्ट आणि फिल्टरचा फोटो घ्या. फिल्टरवर पर्मनंट मार्करने आडोशाला एक छोटी खूण करा, सांगू नका. काम चालू असताना पाणी, फडकं, साबण, चहा काहीही मागितलं तरी जागा सोडायची नाही. सगळं आधीच आणून ठेवा. ट्रे गाडीखाली जाण्याआधी रिकामा आहे हे बघा. मला विचाराल तर या एका गोष्टीनेच निम्मे भामटे परत जातील. उरलेलं ऑईल आणि रिकामा डबा तुमचा आहे, तो देऊ नका. भंगारात टाकायचाच असेल तर आधी खिळ्याने भोकं पाडा, कारण नावाजलेल्या कंपन्यांचे चांगले डबे नकली ऑईल भरायला विकत घेतले जातात. जुना फिल्टरही मागून घ्या आणि नव्याच्या शेजारी ठेवून बघा.

आणि बिल. पक्कं बिल नसल्यामुळे माझी बाजू लंगडी पडली. फोन नंबर आता बंद आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली, तिथे यूपीआयच्या व्यवहाराचा क्रमांक आणि फोटो दिले. पोलीस ठाण्यात लेखी अर्ज देऊन पोच घेतली. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, तोही रस्ता आहे, पण तिथे समोरच्याचं नाव-पत्ता लागतो, आणि माझ्याकडे आहे तो फक्त “भावाच्या” खात्याचा धागा.

ग्रुपवर हे सगळं फोटोंसकट टाकलं, तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका निवृत्त शिक्षकांनी आपल्या गाडीखाली टॉर्च मारली. त्यांच्याही फिल्टरला रंग निघाला. त्यांनाही वर घरी पाठवून जुनं वर्तमानपत्र मागवलं होतं म्हणे. आता आमचे दोन अर्ज आहेत. त्याच माणसाकडून ज्यांनी ऑईल बदलून घेतलंय त्यांनी आज बोल्ट आणि फिल्टर बघा, रंग निघाला तर फोटो काढा आणि अर्जाला आपलं नाव जोडा. यूपीआयवर आलेलं ते नाव तिघा-चौघांकडे सारखं निघालं तर पोलिसांना खात्यापर्यंत जायला सोपं पडेल.