पोलरायझर आणि पोलराइज्ड गॉगल: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंतचा नदीकाठचा अनुभव

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो आणि माझी सासुरवाडी शहापूर तालुक्यात, भातसा नदीच्या काठी. सुट्टी जुळली की शनिवारी सकाळी माजिवड्याहून नाशिक हायवेला लागायचं आणि रविवारी रात्री परतायचं. तिकडे सासरे आणि आमचा धाकटा गळ टाकून बसतात, थोरली लेक कॅमेरा घेऊन भटकते. दिवाळीत दोन वस्तू घेतल्या: तिच्या लेन्ससाठी ६७ मिमीचा सर्क्युलर पोलरायझर, म्हणजे लेन्सपुढे बसवून फिरवता येणारा फिल्टर, दुकानात ज्याला सीपीएल म्हणतात तो, आणि गळवाल्यांसाठी पोलराइज्ड गॉगल. इतक्या महिन्यांनी ठामपणे सांगतो, अशा सहलींसाठी मोठी लेन्स किंवा भारी रॉड घ्यायच्या आधी हे घ्या.

दोन्हींचं काम एकच. पाण्यावरून परावर्तित होणारा उजेड बराचसा आडव्या दिशेत कंप पावत असतो. पोलरायझर तो अडवतो आणि पाण्याच्या आतून येणारा उजेड आपल्यापर्यंत पोचू देतो. पाण्याच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनात पाहिलं की चकाकी जवळजवळ पूर्ण जाते. डोळे पाण्यापासून पाच फूट उंचीवर असतील, तर समोरचं साडेसहा फुटांच्या आसपासचं पाणी सगळ्यात स्वच्छ दिसतं. उंच दरडीवर उभं राहिलं की ही जागा पुढे सरकते. फार लांब पाहिलं की चमक परत येते, आणि थेट पायाखाली पाहिलं तर फरकच पडत नाही. हे एकदा कळलं की कुठे उभं राहायचं ते आपोआप कळतं.

मार्चमध्ये पाणी उतरलं तेव्हा याची खरी किंमत कळली. उथळ कडेला, जिथे नुसत्या डोळ्यांना फक्त आभाळ दिसत होतं, तिथे गॉगल लावल्यावर तळाच्या गाळात थाळीएवढे गोल खड्डे दिसले. प्रत्येकाच्या मध्यावर एक काळपट चिलापी, शेपटी हलवत जागच्या जागी. दुसरा मासा जवळ आला की अंगावर धावून जायची आणि पुन्हा मध्यावर यायची. चिलापीचा नर असे खड्डे करतो आणि मादी अंडी तोंडात धरून सांभाळते. हा मासा मूळचा आफ्रिकेतला, भारतात १९५२ साली आणलेला. धाकट्याने लगेच तंगूस, म्हणजे गळाची दोरी, सोडायला घेतली, तर सासरे म्हणाले, "राखण करतोय तो. इथं नको टाकूस, चल, वरच्या डोहाकडे जाऊ." लेकीने मात्र तिथेच बैठक मारली. सीपीएलची रिंग सावकाश फिरवत गेली तसं स्क्रीनवरचं पांढरं आभाळ विरलं आणि खड्ड्याच्या कडेचे खडे मोजता येतील इतके स्पष्ट झाले. आजोबा, नातू आणि ती असे तिघंही एकाच गोष्टीकडे बघताहेत, हे मला त्या दिवशी फार आवडलं.

गॉगलचा आणखी एक फायदा म्हणजे लहान मूल रॉड फिरवत असताना सगळ्यांचे डोळे झाकलेले राहतात. गळ हवेत कुठेही जाऊ शकतो, तेव्हा नदीकाठी मी तो काढूच देत नाही. काच तपकिरी घ्या, नदीच्या उथळ पाण्यात तीच चांगली. ऑनलाइन मागवलेला पहिला जोड 'पोलराइज्ड' असं छापलेला असूनही तसा नव्हता, परत पाठवावा लागला. तपासायची रीत सोपी: चालू मोबाइलच्या स्क्रीनसमोर गॉगल धरून गोल फिरवा. एका ठिकाणी स्क्रीन काळवंडली पाहिजे.

आता सीपीएल कुठे काढून ठेवायचा ते. दीड ते दोन स्टॉप उजेड तो खातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा). ओढ्याकाठी खंड्या सूर मारत असेल तेव्हा १/१००० सेकंदाचा शटर १/२५० वर आला तर पंख पुसट येणारच. सूर्य पाठीशी असताना आभाळाचा निळा रंगही फारसा गडद होत नाही. तो परिणाम सूर्यापासून ९० अंशांच्या दिशेला सर्वात जास्त, आणि खूप वाइड लेन्सवर आभाळ अर्धं गडद, अर्धं फिकं येतं. ऐरोलीहून बोटीने फ्लेमिंगो बघायला गेलो तेव्हा फिल्टर पिशवीतच ठेवला. ठाणे खाडीचं पाणी गढूळ, आत बघण्यासारखं काही नाही, आणि गुलाबी रांगेचं प्रतिबिंब तर फोटोत हवंच असतं.

पावसाळ्यात गॉगलचं काम थांबतं. पहिल्या पाण्याला नदी लाल होते, तळ दिसत नाही. शिवाय प्रवाहाविरुद्ध वर येणाऱ्या चढणीच्या माशांच्या पोटात अंडी असतात, त्यामुळे तेव्हा सासरे गळ बांधूनच ठेवतात. मला हे अगदी पटतं. सीपीएलला मात्र हाच खरा हंगाम. ओल्या पानांवरची पांढरी झिलई गेली की हिरवा रंग असा भरतो की एडिटिंगची गरज उरत नाही. ओले कातळ आणि शेतातली लावणी यांवरही तितकाच उपयोग.

जागेबद्दलही सांगायला हवं. तानसा तलावाचा परिसर अभयारण्यात आहे, तिथे गळ नेऊ नका. धरणांच्या जलाशयात मासेमारीचे हक्क बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात, तेव्हा आधी गावात विचारा.

देखभाल थोडीच. रेती गेली की रिंग करकरते, म्हणून आधी ब्लोअरने उडवा, मगच कापड लावा. दमट दिवसांत डबीत सिलिका जेलची पुडी हवीच. फिल्टर लेन्सवर घट्ट बसला तर बोटांनी जोराने दाबून धरू नका. कडेला रुंद रबर बँड गुंडाळून हलक्या हाताने फिरवला की सुटतो. आणि घरात दोन लेन्स असतील तर मोठ्या मापाचाच फिल्टर घ्या, छोटीला स्टेप-अप रिंग, म्हणजे माप जुळवणारी कडी, लावून तोच चालतो.